नऊ अधिक दोन : मोजायची आकृती की चालणारे यंत्र?

अकरावीच्या प्रयोगवह्या तपासताना एक आकृती आमच्या हाताखालून शेकडो वेळा गेली आहे. बाहेर एक वर्तुळ, त्याच्या आत कडेने नऊ जोडनळ्या, मधोमध दोन सुट्या नळ्या, आणि खाली ठळक अक्षरांत ‘९+२ रचना’. कंपासने काढलेले वर्तुळ, टोकदार पेन्सिलीची स्वच्छ रेघ, उजव्या बाजूला एकाखाली एक लिहिलेली नावे. आम्ही बरोबरची खूण करायचो, सही करून तारीख घालायचो आणि पुढची वही ओढायचो.

एका वर्षी धाराशिवजवळच्या खेड्यातून एस.टी.ने येणारी एक मुलगी वही परत घेताना म्हणाली, “सर, हे हलतं कसं?” आम्ही नेहमीचे उत्तर दिले. पक्ष्माभिका वल्ह्यासारखी हलते, कशाभिका चाबकासारखी. ती तिथेच उभी राहिली. “तसं नाही, सर. यातलं नेमकं काय हलतं?” असे म्हणून तिने आकृतीवर बोट ठेवले. आम्ही मधल्या दोन नळ्या दाखवल्या आणि सांगितले, “या आखडतात.”

ते उत्तर साफ चूक होते. मधल्या नळ्या आखडत नाहीत, कडेच्याही आखडत नाहीत. हे उत्तर आम्हाला कोणा शिक्षकाने शिकवले नव्हते, कुठल्या पुस्तकात वाचल्याचेही आठवत नाही. ते आम्हाला आकृतीनेच सुचवले होते. जे मधोमध आहे आणि ज्याला वेगळे नाव आहे तेच यंत्राचे हृदय असणार, असे आम्ही धरून चाललो.

मासिकांतून पुस्तकांचे परीक्षण येते, आकृत्यांचे सहसा येत नाही. वास्तविक विद्यार्थी मजकूर विसरतो आणि आकृती लक्षात ठेवतो. म्हणून पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके आणि भिंतीवरचे तक्ते यांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेल्या या एका आकृतीचे परीक्षण करायचे आम्ही ठरवले आहे.

आधी आकृतीची बाजू

ही आकृती खोटी नाही, आणि ती स्वस्तात मिळालेली नाही. आपल्या श्वासनलिकेतली एक पक्ष्माभिका सुमारे ७ मायक्रॉन लांब आणि पाव मायक्रॉन जाड असते. (एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे मायक्रॉन.) प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पक्ष्माभिका कशीबशी एका रेघेसारखी दिसेल. तिच्या पोटात काय आहे ते भिंग कितीही चांगले असले तरी दिसणार नाही.

अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याने सतराव्या शतकातच पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे हालणारे बारीक पाय पाहिले होते. त्या ‘पायां’च्या आत डोकावायला मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. इंग्लंडमध्ये आयरीन मँटन यांनी नेचे आणि मॉस यांच्या पोहणाऱ्या पुंपेशींच्या कशाभिका पाहिल्या. त्या उकलल्यावर आत अकरा तंतू मिळाले. क्लार्क यांच्याबरोबर त्यांनी १९५२ मध्ये स्फॅग्नम या मॉसच्या कशाभिकेची ९+२ रचना मांडली. १९५४ मध्ये फॉसेट आणि पोर्टर यांनी प्राण्यांच्या पक्ष्माभिकांचे अतिशय पातळ छेद घेतले आणि तिथेही तीच मांडणी दिसली. मॉस, शिंपला, बेडूक, उंदीर आणि माणूस यांच्या पेशींत एकच नक्षी! सजीवांच्या एकमेकांशी असलेल्या नात्याचा इतका देखणा पुरावा क्वचितच मिळतो. आकृतीचे हे मोल मान्य करूनच आमच्या तीन तक्रारी मांडतो.

तक्रार पहिली : चकतीलाच काकडी समजणे

आकृतीत दिसतो तो आडवा छेद. असा छेद साधारण ७० नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे ७ मायक्रॉन लांबीच्या एका पक्ष्माभिकेच्या शंभर चकत्या निघतील. आपण वहीत काढतो ती त्यांतली मधली कुठलीतरी एक. काकडीची एक चकती पाहून काकडी लांब असते हे कळत नाही, कारण काकडी आपण आधी पाहिलेली असते. पक्ष्माभिका मुलांनी पाहिलेली नसते. नऊ जोड्या हे नऊ ठिपके नसून टोकापर्यंत गेलेल्या नऊ लांब नळ्या आहेत, हे कित्येक मुलांच्या ध्यानातच येत नाही. चाकासारखी दिसणारी गोष्ट त्यांना चाकच वाटते. आम्हाला एका मुलाने विचारलेही होते, “सर, हे चाक कुठल्या बाजूला फिरतं?”

शिवाय सगळ्या चकत्या सारख्या नसतात. पेशीच्या आत रुतलेल्या बुडाचा, म्हणजे आधारकणिकेचा छेद घेतला तर तिथे जोड्यांऐवजी तीन-तीन नळ्यांचे नऊ गट दिसतात आणि मधल्या दोन नळ्या नसतातच. त्या पेशीच्या पृष्ठभागाजवळ सुरू होतात. टोकाकडे जोड्यांतली एकेक नळी आधी संपते. बाहेरचे वर्तुळ म्हणजे पेशीचेच आवरण असते. हातमोज्याचे बोट जसे मोज्याचाच भाग असते तशी पक्ष्माभिका पेशीचाच भाग असते. हे सारे एका उभ्या छेदात सहज दाखवता येते.

तक्रार दुसरी : जो काम करतो तो बेनाव

ही आमची मुख्य तक्रार. आकृतीत प्रत्येक जोडनळीच्या एका नळीला बाजूला दोन बारीक आकडे काढलेले असतात. मुले ते घाईत काढतात. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी विसरतातही. आम्ही त्याचे गुण कधी कापले नाहीत. नऊ आणि दोन मोजून भरले की आमचे समाधान व्हायचे.

ते आकडे म्हणजेच यंत्र आहे. ब्यॉर्न अफझेलियस यांनी १९५९ मध्ये सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या शुक्रपेशीत हे ‘हात’ स्पष्ट दाखवले. इयान गिबन्स यांनी १९६३ मध्ये टेट्राहायमिना या एकपेशीय जीवाच्या पक्ष्माभिकांतून हातांचे प्रथिन वेगळे काढले. ते एटीपीचे विघटन करून ऊर्जा मोकळी करत होते. १९६५ मध्ये त्याला ‘डायनीन’ हे नाव मिळाले. पदार्थविज्ञानात बलाचे एकक ‘डाइन’ आहे, त्यावरून हे नाव. बल लावणारे प्रथिन!

एका जोडनळीवरचे डायनीनचे हात शेजारच्या जोडनळीला पकडतात, ढकलतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. एका पावलात सुमारे ८ नॅनोमीटर. हात नेहमी बुडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे शेजारची नळी टोकाकडे सरकते. म्हणजे नळी आखडत नाही, नळीवरून नळी सरकते. आता प्रश्न असा की सरकण्याचे वाकणे कसे होते?

याचे उत्तर वर्गात एका वहीने देता येते. दोनशे पानी वही घ्या. तिच्या मोकळ्या कडेवर, पानांच्या जाडीवर, पेनाने एक सरळ उभी रेघ मारा. शिवणीची बाजू मुठीत घट्ट धरा आणि वही वाकवा. रेघ तिरपी झालेली दिसेल. वाकाच्या आतल्या बाजूची पाने पुढे आली, बाहेरची मागे राहिली. पान एकही आखूड झाले नाही की लांब झाले नाही. पाने फक्त एकमेकांवरून सरकली. आता मोकळ्या कडेलाही चिमटे लावून पाने घट्ट करा आणि वाकवून पाहा. वही नीट वाकत नाही, पाने मध्येच फुगतात.

पीटर सटीर यांनी १९६५ आणि १९६८ मध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या कल्ल्यांवरील पक्ष्माभिकांत हेच दाखवले. वाकलेल्या पक्ष्माभिकेच्या टोकाशी वाकाच्या आतल्या बाजूच्या जोडनळ्या पुढे आलेल्या होत्या, अगदी वहीच्या पानांसारख्या. नळ्यांची लांबी मात्र कायम होती.

राहिला एक पुरावा. वहीची शिवणच उसवली तर? १९७१ मध्ये समर्स आणि गिबन्स यांनी सी-अर्चिनच्या शुक्रपेशींच्या कशाभिकांचे आवरण काढले, नळ्यांना एकमेकींशी बांधणारे दुवे ट्रिप्सिन या विकराने तोडले आणि वर एटीपी घातले. कशाभिका वाकल्या नाहीत. त्यांच्या नळ्या जुन्या दुर्बिणीच्या नळ्यांसारख्या एकमेकींतून बाहेर सरकत गेल्या आणि मूळ लांबीच्या कितीतरी पट लांब झाल्या. दुवे असतील तर सरकण्याचे वाकणे होते, दुवे नसतील तर नुसते सरकणे उरते.

गणिताच्या शिक्षकांनाही यात काम आहे. समोरासमोरच्या जोडनळ्यांत सुमारे ०.२ मायक्रॉन अंतर धरा आणि पक्ष्माभिका ९० अंशांत वाकली असे माना. सरकण्याचे अंतर म्हणजे ०.२ × १.५७, साधारण ०.३ मायक्रॉन. डायनीनच्या चाळीसेक पावलांएवढे. आणि विद्यार्थ्यांना हेही विचारा, की नऊही जोड्यांवरचे सगळे हात एकदम जोर लावू लागले तर काय होईल? रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्याच भारी असल्या तर दोर जागचा हलत नाही. म्हणून एका वेळी एका बाजूचे हात काम करतात, नंतर दुसऱ्या बाजूचे. ही पाळी ठरवण्यात मधली जोडी आणि तिच्याकडे जाणारे आरे यांचा वाटा असतो. आम्ही ज्यांना इंजिन म्हणून दाखवले ते खरे तर नियंत्रक निघाले.

हात नसले तर?

एवढ्या बारीक आकड्यांसाठी इतका आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. १९३३ मध्ये झुरिचचे डॉक्टर कार्टाजेनर यांनी काही रुग्णांचे वर्णन केले होते. त्यांना सायनसचा आणि फुप्फुसांच्या नळ्यांचा जुनाट विकार होता, आणि हृदय उजवीकडे होते. खोकल्याचा आणि हृदयाच्या जागेचा काय संबंध, हे कोडे चाळीस वर्षांहून अधिक काळ सुटले नाही. १९७६ मध्ये अफझेलियस यांनी अशा रुग्णांच्या पक्ष्माभिकांचे व शुक्रपेशींचे छेद पाहिले. नऊ जोड्या होत्या, मधल्या दोन होत्या. हात नव्हते!

आमच्या वर्गात त्या रुग्णांच्या पेशीची आकृती कोणी वहीत काढली असती तर आम्ही तिला पूर्ण गुण दिले असते.

हात नाहीत म्हणून श्वासनलिकेतला कफ वर ढकलला जात नाही आणि जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. आज या आजाराला प्रायमरी सिलिअरी डिस्किनेशिया म्हणतात. अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे अवयव उलट बाजूला असतात. त्याचे कारण १९९८ मध्ये जपानमध्ये नोनाका, हिरोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणावर दाखवले. अगदी सुरुवातीच्या भ्रूणावर एका छोट्या खळग्यात पक्ष्माभिका असतात. त्या गरगर फिरून द्रव डावीकडे वाहता ठेवतात आणि त्या प्रवाहावरून डावे-उजवे ठरते. प्रवाहच नसेल तर हृदय कुठे जाणार हे नाणेफेकीसारखे होते. म्हणून निम्मे.

इथे त्या मुलीच्या प्रश्नाची दुसरी बाजूही उलगडते. भ्रूणावरच्या या पक्ष्माभिकांत मधल्या दोन नळ्या नसतात. त्या ९+० असतात, तरीही हालतात. म्हणूनच ज्या रुग्णांत बिघाड फक्त मधल्या जोडीत असतो, त्यांना खोकल्याचा त्रास होतो, पण हृदय डावीकडेच असते. आमच्या चुकीच्या उत्तराचे याहून चोख खंडन कुठले?

तक्रार तिसरी : नावांचा घोळ

पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, कशा म्हणजे चाबूक. पक्ष्माभिका आणि कशाभिका हे दोन्ही शब्द सुंदर आहेत आणि मूळ लॅटिन शब्दांच्या अर्थाला धरून आहेत. पण ते ठेवले गेले बाहेरून पाहून. आखूड आणि पुष्कळ असल्या तर पक्ष्माभिका, लांब आणि एखाद-दुसरी असली तर कशाभिका. आतून पाहिले तर दोन्ही एकच.

उलट जिवाणूंच्या शेपटीलाही आपण कशाभिकाच म्हणतो. तिच्यात सूक्ष्मनलिका नाहीत, डायनीन नाही, एटीपीवर चालणारे हात नाहीत. ती फ्लॅजेलिन या प्रथिनाची मळसूत्रासारखी पिळदार दोरी असते आणि तिच्या बुडाशी खरोखर फिरणारी मोटर असते. ही मोटर बहुतेक जिवाणूंत प्रोटॉनच्या प्रवाहावर चालते. बर्ग आणि अँडरसन यांनी १९७३ मध्ये ती फिरते असे मांडले. १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी जिवाणूची शेपटी काचेला चिकटवली, तेव्हा जिवाणूच गरगर फिरू लागला. ‘चाक कुठल्या बाजूला फिरतं’ हा त्या मुलाचा प्रश्न इथे विचारला असता तर बरोबर ठरला असता!

म्हणजे एका वस्तूला दोन नावे आणि दोन वस्तूंना एक नाव. पुस्तकात ‘जिवाणूंची कशाभिका वेगळी असते’ अशी एक ओळ असते, नाही असे नाही. पण वेगळी म्हणजे कशी, हे त्या ओळीवरून कळत नाही. नावे आता बदलता येणार नाहीत. निदान जिवाणूच्या बाबतीत ‘जिवाणू-कशाभिका’ असे जोडून म्हणावे आणि दोन्ही आकृत्या शेजारी-शेजारी काढाव्यात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही, शेळी आहे

आमच्या जिल्ह्यातल्या शाळांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कुठून येणार? पण पक्ष्माभिकांचे काम पाहायला तो लागत नाही. आमच्याकडची काळी शेळी देशभर प्रसिद्ध आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, शेळीची जात मात्र उस्मानाबादी याच नावाने ओळखली जाते. खाटकाकडून शेळीची ताजी श्वासनलिका मागून आणा. घशाकडच्या टोकाला आधी दोरा बांधून खूण करा, ही खूण विसरली की पुढचे सगळे व्यर्थ. नलिका लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातलेल्या कोमट द्रावणात ठेवा. तिच्या कूर्चेच्या कड्या मागे उघड्या असतात. त्या मऊ बाजूने ती उभी चिरा आणि आतली बाजू वर करून ताटात ओल्या फडक्यावर पसरा.

आता कोळशाची वस्त्रगाळ पूड अगदी चिमूटभर भुरभुरा, शेजारी टाचणी रोवा आणि वाट पाहा. पूड मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने दोऱ्याकडे सरकते. उतारामुळे सरकली असे कोणी म्हणाले तर त्याला शाबासकी द्या आणि दोऱ्याची बाजू थोडी उचला. पूड चढावर जाताना दिसते. दुसरा तुकडा उकळत्या पाण्यात बुडवून काढा, त्यावरची पूड जागची हलत नाही. प्रयोगाचे यश ताजेपणा, ओलावा आणि ऊब यांवर अवलंबून आहे. आम्हाला पहिल्या खेपेला ते मिळाले नाही, कारण नलिका दुपारपर्यंत तशीच पडून होती. हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत.

ज्या शाळेत हे चालणार नाही तिथे कडबा आहे. कडब्याचे तुकडे उकळून ते पाणी गार करा, त्यात विहिरीचे किंवा तळ्याचे थोडे पाणी घाला आणि काही दिवस ठेवा. बहुधा पॅरामिशियम किंवा तशीच पक्ष्माभिकाधारी मंडळी मिळतात. त्यांच्या कडेने चाललेली झुळझुळ हा पक्ष्माभिकांचाच खेळ. या दोन्ही गोष्टी पाहिलेला विद्यार्थी छेदाच्या आकृतीकडे वेगळ्या नजरेने बघतो. ती आता त्याला अशा एका गोष्टीची चकती वाटते, जी त्याने हालताना पाहिली आहे.

मग काय करावे?

आमची सूचना साधी आहे. एका आकृतीऐवजी तीन छोट्या आकृत्या काढून घ्याव्यात. पहिली उभ्या छेदाची, आधारकणिकेसह. दुसरी नेहमीची आडव्या छेदाची, पण डायनीनचे हात लाल पेन्सिलीने, सगळे एकाच दिशेने वळलेले आणि नाव दिलेले. तिसरी वाकलेल्या पक्ष्माभिकेची, टोकाशी पुढेमागे झालेल्या नळ्यांची. आणि ‘सुबक, नामनिर्देशित आकृती काढा’ याच्या जोडीला एक प्रश्न विचारावा : ‘या आकृतीतले हात पुसले तर काय होईल? मधल्या दोन नळ्या पुसल्या तर?’ याचे उत्तर पाठ करून देता येत नाही.

ती मुलगी बारावी होऊन गेली, पुढे कुठे गेली ते आम्हाला ठाऊक नाही. तिच्या वहीवर आमची बरोबरची खूण आणि तिच्या मनात आमचे चुकीचे उत्तर राहिले असेल. आता दरवर्षी हा धडा आला की आम्ही आधी दोनशे पानी वही हातात घेतो आणि तिचा प्रश्न फळ्यावर लिहितो : यातलं नेमकं काय हलतं?